चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला
जुना टेम्पो विकण्याआधी दुरुस्ती किती करावी?



मागच्या काही बैठकांत एकच प्रश्न वेगवेगळ्या गावांतून आला. "दारात जुनी गाडी उभी आहे. विकायची आहे. आधी दुरुस्त करून विकू, की आहे तशीच देऊन टाकू?" कुणाचा तीनचाकी टेम्पो आहे, कुणाची स्कूटी, कुणाची पिकअप. प्रश्न गाडीचा दिसतो, पण खरा प्रश्न हिशोबाचा आहे. म्हणून या वेळचा पाठ त्यावरच. गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचा आणि वही-पेन जवळ ठेवा. आकडे लिहून घेतले तरच हा पाठ कळेल.

आपल्या संघातल्या एका ताईने तिचा हिशोब सगळ्यांसमोर मांडायला परवानगी दिली. नाव छापू नका म्हणाली, म्हणून छापत नाही. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून थोडे सरळ केले आहेत. तुमच्या बाजारात भाव वेगळे असतील. पण रीत तीच राहील.

गोष्ट अशी आहे

या ताईच्या घरी मालवाहू तीनचाकी टेम्पो होता. डिझेलचा, आठ वर्षं जुना, वर ताडपत्रीचं हूड. तिचे मालक बाजाराच्या दिवशी भाजी, एरवी पेंड, सिमेंट, लग्नाची भांडी, जे मिळेल ते भाडं मारायचे. मग त्यांच्या कमरेचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, आता गाडी चालवायची नाही. टेम्पो सात महिने लिंबाखाली उभा राहिला.

उभी गाडी म्हणजे उभा खर्च. बॅटरी उतरली. हूड उन्हाने तडकलं आणि मागून हातभर फाटलं. पुढचा टायर आधीच घासलेला होता. मागचा ब्रेक धरत नव्हता, मागचे दिवे लागत नव्हते. आणि गाडी बंद पडण्याआधी सकाळी चालू करताना निळसर धूर टाकत होती.

टेम्पोसाठी ग्रामसंघातून घेतलेल्या कर्जाचे ४१,००० रुपये अजून फेडायचे होते. हप्ते थकायला लागले होते. बैठकीत तिचं नाव वाचलं की ती खाली मान घालायची. कुणी काही बोलत नव्हतं, पण तेच जास्त लागायचं.

तालुक्याचा एक दलाल आला. म्हणाला, "बाई, गाडी चालू होत नाही, टोचन करून न्यावी लागेल. अठ्ठेचाळीस हजार देतो. आज पैसे, आज गाडी."

तिचा दीर म्हणाला, "वहिनी, येडेपणा करू नका. इंजिनाचं काम करून घेऊ, रंग मारू, नवं हूड टाकू. पंच्याऐंशी हजाराला कुठे गेली नाही. गटातून उचल घ्या, विकली की लगेच भरू."

दीर वाईट बोलत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की वहिनीचं भलं व्हावं. आणि ८५ हजार हा आकडा ४८ हजारांपेक्षा मोठाच आहे. तुम्ही असता तर काय केलं असतं? पुढे वाचण्याआधी वहीत एका ओळीत लिहून ठेवा.

गेले ते गंगेला मिळाले

घरात पहिलं वाक्य हेच निघालं : "मागच्या साली गिअरबॉक्सला बावीस हजार घातले. ते वसूल नको का व्हायला?"

ताई, ते २२ हजार गेले. गाडी आज विका, उद्या विका, दुरुस्त करून विका की भंगारात द्या, ते परत येणार नाहीत. घेणारा माणूस तुमच्या जुन्या बिलांचे पैसे देत नाही. तो आज गाडी कशी आहे त्याचे पैसे देतो. म्हणून आजच्या हिशोबात तो आकडा धरायचाच नाही. मनाला लागतं, कबूल आहे. पण गेलेले पैसे वसूल करायच्या नादात नवे पैसे घालणं म्हणजे बुडत्याचा पाय खोलात.

आज फक्त इतकंच विचारायचं : आता घातलेला एक रुपया विकताना रुपयापेक्षा जास्त होऊन परत येईल का?

खर्च मेस्त्रीला विचारा, भाव गिऱ्हाइकाला विचारा

बहुतेक ठिकाणी गाडी इथेच फसते. आपण मेस्त्रीलाच विचारतो, "दुरुस्त केली तर कितीला जाईल?" मेस्त्री म्हणतो, "लाखाला जाईल." तो खोटं बोलतो असं नाही, पण त्याचा धंदा दुरुस्तीचा आहे. गाडी कितीलाही गेली तरी त्याची मजुरी त्याला मिळतेच.

तसंच दलालाला विचारलं, "यात किती काम निघेल?" तर तो सांगणार, "फार काम आहे, हाताला काही लागणार नाही." त्याला भाव पाडायचा आहे.

आपल्या ताईने काय केलं? दोन मेस्त्रींना गाडी दाखवली आणि प्रत्येक कामाचा खर्च वेगवेगळा लिहून घेतला. "सगळं मिळून किती" असं विचारलं नाही. मग आठवडी बाजारात टेम्पोवाल्यांकडे गेली. तिथे नुकताच जुना टेम्पो घेतलेले दोघे-तिघे भेटले. त्यांना विचारलं, "असा आठ वर्षांचा टेम्पो चालू स्थितीत असेल तर काय द्याल? नवा रंग असेल तर किती वाढवाल? हूड नवं असेल तर?"

एक जण हसून म्हणाला, "मावशी, मला विटा न्यायच्यात. हूड नवं असलं तरी मी काढूनच ठेवणार." ज्या हुडावर ही साडेचार हजार घालणार होती, ते त्या गिऱ्हाइकाला फुकट दिलं तरी नको होतं. ही एक गोष्ट कळायला तिला बाजारात एक चक्कर मारावी लागली, खर्च झाला एक कप चहाचा.

वहीतलं पान

तिने वहीत चार रकाने आखले. काम, खर्च, भाव किती वाढेल, आणि करायचं की नाही. तुम्हीही तसंच करा. तिचं पान असं होतं :

बॅटरी : खर्च ४,०००. भाव वाढेल १०,०००. करायचं.
मागचा ब्रेक आणि दिवे : खर्च १,५००. भाव वाढेल २,०००. करायचं.
पुढचा टायर : खर्च २,०००. भाव वाढेल २,०००. करायचं.
हुडाला ठिगळ आणि शिलाई : खर्च ५००. भाव वाढेल १,५००. करायचं.
धुणं-पुसणं, सीटची शिलाई : खर्च ५००. भाव वाढेल २,५००. करायचं.
नवं हूड : खर्च ४,५००. भाव वाढेल ३,५००. नको.
इंजिनाचं काम : खर्च १८,०००. भाव वाढेल १२,०००. नको.
पूर्ण रंग : खर्च ९,०००. भाव वाढेल ७,५००. नको.

नीट बघा. बॅटरीत चार हजार घातले तर भाव दहा हजारांनी का वाढतो? कारण बंद गाडी घेणारा अंधारात उडी मारतो. इंजिन चालेल की नाही, गिअर पडतात की नाही, त्याला काहीच कळत नाही. म्हणून तो सगळ्यात वाईट धरून भाव सांगतो. गाडी एका झटक्यात चालू झाली, त्याने स्वतः वेशीपर्यंत फिरवून आणली, की निम्मी भीती जाते. भीती गेली की भाव चढतो.

मात्र बॅटरी विकत घेण्याआधी जुनी चार्जिंगला लावून बघा. नुसती उतरली असेल तर थोडक्यात काम होतं. या ताईची बॅटरी चार्ज धरतच नव्हती, म्हणून नवी घ्यावी लागली. आणि बरेच महिने उभ्या असलेल्या गाडीत उंदरांनी वायरी कुरतडल्यात का, तेही आधी बघून घ्या.

आता इंजिनाचं बघा. अठरा हजार घालून भाव बाराच हजार का वाढतो? कारण आतलं काम दिसत नाही. तुम्ही सांगाल, "नवे पिस्टन-रिंग टाकलेत." तो म्हणेल, "असतील." बिल दाखवलं तर थोडा विश्वास ठेवेल, पण पूर्ण पैसे देणार नाही. शिवाय इंजिन उघडलं की मेस्त्री सांगतो, "हेही गेलंय, तेही गेलंय." अठराचे पंचवीस कधी होतात कळत नाही. उघडलेलं इंजिन तसंच टाकून गाडी विकताही येत नाही.

रंगाची गोष्ट तर उलटीच आहे. जुन्या गाडीला ताजा चकचकीत रंग दिसला की जाणता माणूस विचारतो, "कशाला मारला? ठोकली होती का?" दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, हे घेणाऱ्यालाही माहीत असतं. साबणाने स्वच्छ धुतलेली गाडी जास्त खरी वाटते.

अजून एक गोष्ट. हुडाला ठिगळ ५०० रुपयांचं, नवं हूड ४,५०० रुपयांचं. म्हणजे नव्या हुडासाठी ४,००० जास्त घालायचे आणि भाव वाढणार फक्त २,००० ने जास्त. एकाच कामाचा स्वस्त मार्ग आणि महाग मार्ग असेल, तर जास्तीच्या पैशाने जास्तीचं काय मिळतं ते वेगळं मोजा.

तीन ढीग करा

रकाने भरले की सगळ्या कामांचे तीन ढीग करा. धान्य निवडतो तसं.

पहिला ढीग : करायलाच पाहिजे. ज्यामुळे कुणाच्या जिवाला धोका आहे ते यात येतं. ब्रेक, दिवे, घासलेले टायर, स्टिअरिंग. इथे भाव वाढेल की नाही हे बघायचंच नाही. घेणारा माणूस तुमच्या दारातून ती गाडी चालवत घरी जाणार आहे. कदाचित मागे त्याचं पोरगं बसलेलं असेल. ब्रेक दुरुस्त करणं जमत नसेल, तर स्पष्ट सांगून गाडी टोचन करूनच न्यायला लावा. ज्याच्याशिवाय कागद होणार नाहीत ते कामही याच ढिगात. मालवाहू किंवा प्रवासी गाडीला फिटनेस लागतो. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत तो दोन वर्षांचा मिळतो, त्यानंतर दरवर्षी करावा लागतो. फिटनेस नसलेली अशी गाडी कायद्याने रस्त्यावर चालवता येत नाही.

दुसरा ढीग : परवडतं म्हणून करायचं. खर्चापेक्षा भाव जास्त वाढतो ती कामं. बहुतेक वेळा ही छोटी, स्वस्त आणि डोळ्याला दिसणारी असतात.

तिसरा ढीग : करायचं नाही, पण सांगायचं. इंजिनाचा धूर, उडालेला रंग, जुनं हूड. यात पैसे घालायचे नाहीत आणि लपवायचंही नाही.

धुराबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तो कुठल्या ढिगात टाकायचा ते रंगावर ठरतं. काळा धूर बऱ्याचदा हवेचा फिल्टर चोंदल्याने किंवा डिझेल जास्त जात असल्याने येतो. फिल्टर बदलणं स्वस्त काम आहे, ते आधी करून बघा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑईल जाळतंय. ते काम मोठं असतं. या ताईच्या गाडीचा निळसर धूर फक्त सकाळी पहिल्यांदा चालू करताना यायचा आणि पीयूसी तपासणीत गाडी पास झाली, म्हणून इंजिन तिसऱ्या ढिगात गेलं. पीयूसीत नापास झाली असती तर तेच काम पहिल्या ढिगात आणावं लागलं असतं.

आता दोन्ही वाटांचा हिशोब

दिराची वाट : इंजिन १८,०००, रंग ९,०००, नवं हूड ४,५००, बॅटरी ४,०००, ब्रेक-दिवे १,५००, टायर २,०००. एकूण ३९,०००. हे पैसे गटातून उचलायचे. या गटाचं व्याज महिन्याला दोन टक्के, म्हणजे महिन्याला ७८०. गॅरेजचं काम आणि मोठ्या भावाचं गिऱ्हाईक शोधणं यात तीन महिने धरले तर व्याज २,३४०. गाडी ८५,००० ला गेली तर हातात ४३,६६०. त्यातून ग्रामसंघाचे ४१,००० भरले की उरले २,६६०.

लक्षात आलं? ८५ हजाराला विकून हातात येतात ४३,६६०. दलाल तर धूळ खात पडलेल्या गाडीचे ४८ हजार देत होता! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ते हेच.

आणि भाव ८५ ऐवजी ८० मिळाला असता तर? तर ग्रामसंघाचं कर्ज फिटायलाच २,३४० रुपये कमी पडले असते. गाडी गेली, कर्ज राहिलं.

ताईची वाट : बॅटरी, ब्रेक-दिवे, टायर, ठिगळ, धुणं. एकूण ८,५००. एक महिन्याचं व्याज १७०. तिने ७०,००० सांगितले, सौदा ६५,००० ला तुटला. खर्च आणि व्याज वजा जाता हातात ५६,३३०. दलालापेक्षा ८,३३० जास्त. ग्रामसंघाचे ४१,००० भरून तिच्याकडे उरले १५,३३०.

विकण्याचा भाव मोठा असणं वेगळं आणि हातात उरणारा पैसा मोठा असणं वेगळं. आपलं घर उरलेल्या पैशावर चालतं.

हिशोब एक, मन एक

हे सगळं वहीत मांडून झालं तरी घरात पटवायचं होतं. कारण गाडीचं आरसी बुक मालकांच्या नावावर होतं. त्यांची सही लागणार होती. आणि त्यांच्या मनात वेगळंच चाललं होतं.

ते म्हणाले, "अगं, या गाडीने आठ वर्षं घर चालवलं. पोरींच्या फिया हिच्यावर भरल्या. ती अशी फाटक्या अंगाने दुसऱ्याच्या दारात जाऊ नये. लोक काय म्हणतील?"

ताईने वाद घातला नाही. वहीचं पान त्यांच्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "अहो, तुम्हीच सांगा. गाडीची अब्रू राखायला पंधरा हजार घालू, की तेच पैसे पोरीच्या वह्या-पुस्तकांना ठेवू? आणि फाटक्या अंगाने कशाला जाईल? ठिगळ लावतो, धुतो, पुसतो."

त्यांनी पान दोनदा वाचलं. दुसऱ्या दिवशी मेस्त्री बॅटरी बसवून गेल्यावर ते खुर्ची टाकून टेम्पोशेजारी बसले आणि बसल्या बसल्या पुढची काच आणि त्यावरचं "आईचा आशीर्वाद" स्वतः पुसून काढलं. ताई म्हणते, हिशोब तर पटला होताच, पण गाडीचा निरोपही घ्यायचा होता. तोही वेळ घरच्यांना द्या. फक्त त्याची किंमत १८ हजार होऊ देऊ नका.

दिरालाही तिने तोडून टाकलं नाही. "भाऊजी, गिऱ्हाईक आलं की बोलायला तुम्हीच बसा," म्हणाली. सौद्याच्या वेळी तोच सगळ्यात जोरात बोलत होता.

खोट लपवली तर

घेणारा शेजारच्या गावचा भाजीवाला निघाला. ताईने गाडी चालू करण्याआधीच सांगितलं, "दादा, सकाळी निळा धूर टाकते. ऑईल बघत राहावं लागतं. पुढे-मागे इंजिनाचं काम निघेल. मेस्त्रीने १८ हजार सांगितलेत. म्हणूनच भाव असा लावलाय."

दिराने कपाळाला हात लावला. पण भाजीवाल्याने आपला मेस्त्री आणला, त्यानेही तेच सांगितलं. मग त्याला बाकीच्या बोलण्यावरही विश्वास बसला. टायर नवा आहे म्हणाली, तो नवाच होता. ब्रेक केलाय म्हणाली, तो केलेला होता. पाच हजार कमी झाले आणि सौदा झाला.

आपण गावात राहतो, ताई. गाडी विकली म्हणजे माणूस संपला असं होत नाही. तो बाजारात भेटतो, लग्नात भेटतो, त्याची बायको उद्या आपल्याच ग्रामसंघात असते. खोट लपवून मिळालेले पाच-सात हजार पुढची पाच वर्षं तोंड चुकवायला लावतात.

कागद अर्धे राहिले तर गाडी तुमचीच

दुरुस्तीवर एवढं बोलतो, पण सगळ्यात महाग चूक कागदांत होते. या गोष्टी वहीत वेगळ्या पानावर लिहून घ्या.

१. गाडी आरसी बुकावर ज्यांच्या नावावर आहे, त्यांचीच सही लागते. मालक वारले असतील तर आधी वारसाच्या नावावर करावी लागते, त्यासाठी फॉर्म ३१ असतो. काही भगिनींच्या घरी हे काम वर्षानुवर्षं राहून जातं आणि विकायच्या वेळी अडतं.

२. बँकेचं किंवा फायनान्सचं कर्ज असेल तर आरसीवर त्याची नोंद असते. कर्ज फेडून त्यांचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घ्या, नोंद उतरवून घ्या. गटाच्या किंवा ग्रामसंघाच्या कर्जाची आरसीवर नोंद नसली तरी विकण्याआधी बैठकीत सांगा. एखाद्या योजनेतून गाडी घेतली असेल तर विकायला काही अट आहे का, ते तालुका कक्षात आधी विचारा.

३. नावबदलासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. कोऱ्या फॉर्मवर सही करून देऊ नका. घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि तारीख भरल्यावरच सही करा.

४. विमा, पीयूसी, फिटनेस आणि कर यांच्या मुदती बघा. दंडाचं ई-चलन थकलंय का ते तपासा. मुदत संपायच्या आत विकलं तर नव्याने करायचा खर्च वाचतो. या ताईच्या फिटनेसला दोनच महिने राहिले होते, म्हणून तिने घाई केली.

५. पैसे शक्यतो बँकेत घ्या. पूर्ण पैसे आल्याशिवाय मूळ आरसी देऊ नका. गाडी दिल्याची तारीख आणि वेळ लिहिलेला कागद करा, त्यावर दोन्हीकडच्या आणि साक्षीदारांच्या सह्या घ्या. घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत ठेवा. तुमच्याकडच्या सगळ्या कागदांच्या प्रतीही जपून ठेवा.

६. मोटार वाहन कायद्यानुसार, गाडी राज्यातच विकली असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं. विमा स्वतःच्या नावावर करून घेण्यासाठी घेणाऱ्यानेही १४ दिवसांत विमा कंपनीला कळवायचं असतं.

"नावबदल करून घेतो, काळजी करू नका" असं घेणारा म्हणाला म्हणून निवांत बसू नका. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की, आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच कायद्याने मालक. गाडी विकून झाली असेल, पैसे मिळाले असतील, पण नाव बदललं नसेल आणि अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी जुन्या मालकावर येऊ शकते. टेम्पो गेला आणि कोर्टाची नोटीस आली, अशी वेळ कुणावर येऊ नये.

आपल्या ताईने सोपा उपाय केला. सौदा झाला त्याच आठवड्यात दीर आणि घेणारा दोघं मिळून आरटीओत गेले. जाण्या-येण्याचा एक दिवस मोडला, पण रात्रीची झोप मिळाली.

गाडी नसली तरी हाच पाठ

हीच रीत शिलाई मशीनला, पिठाच्या गिरणीला, पाण्याच्या मोटरीला, जुन्या फ्रीजला लावा. चालू होतं का? धोका आहे का? थोडक्यात काय केलं तर घेणाऱ्याची भीती जाईल? बाकीचं सांगून टाका.

कधीकधी मोठं कामही परवडतं, हेही खरं. घरात कुणी स्वतः मेस्त्री असेल तर मजुरी वाचते आणि हिशोब बदलतो. गिऱ्हाईक आधीच ठरलेलं असेल आणि "एवढं काम करून दे, एवढे पैसे देतो" असं म्हणून बयाणा देत असेल, तरी बदलतो. म्हणून कुणाचं बघून ठरवू नका, रकाने भरून ठरवा.

पुढच्या बैठकीत त्या ताईचं नाव वाचलं गेलं, तेव्हा सचिवांनी शेजारी "कर्ज निरंक" असं म्हटलं. टाळ्या झाल्या. ती उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "त्या दिवशी बाजारात चक्कर मारली नसती तर आज अजून एक कर्ज वाचलं असतं तुम्ही."

बैठकीत चर्चा करा

१. पाठ वाचण्याआधी तुम्ही वहीत काय लिहिलं होतं? आता बदलाल का? कशामुळे?

२. तुमच्या घरात विकायची एखादी वस्तू आहे का? तिची कामं लिहा, तीन ढीग करा.

३. भाव विचारायला तुमच्या बाजारात कुणाकडे जाल? ज्याला आपल्या निर्णयातून पैसे मिळणार नाहीत, अशा दोघांची नावं लिहा.

४. गटातल्या किती जणींना घरातल्या गाडीचं आरसी बुक कुठे ठेवलंय आणि ते कुणाच्या नावावर आहे हे माहीत आहे? हात वर करा. ज्यांना माहीत नाही, त्यांनी आज घरी गेल्यावर पहिलं काम तेच करा.